तळापासून वाचायचा हंगाम : ॲडलेड, १९६४

साउथ ॲडलेड ९.१५ (६९), पोर्ट ॲडलेड ५.१२ (४२). साउथ ऑस्ट्रेलियन नॅशनल फुटबॉल लीगचा १९६४ सालचा अंतिम सामना या आकड्यांवर संपला. ॲडलेड ओव्हलवर त्या दिवशी ५६,३५३ प्रेक्षक होते, आणि शहर होतं सहा-सात लाख वस्तीचं. जिंकलेला संघ आदल्या वर्षी गुणतक्त्यात सर्वांत खाली होता. त्याचं याआधीचं विजेतेपद १९३८चं. १९६४ नंतर आजतागायत त्याला दुसरं मिळालेलं नाही.

हे पुस्तक त्या एका हंगामाचं आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा खेळ मराठी वाचकाच्या ओळखीचा नाही, लीग तर नाहीच; पण मैदान मात्र आपलं जुनं ओळखीचं आहे. सांगलीच्या विजय हजारेंनी १९४८च्या जानेवारीत ब्रॅडमनच्या संघापुढे दोन्ही डावांत शतकं काढली, ११६ आणि १४५, ती याच ओव्हलवर. दत्तू फडकरांचे १२३ त्याच सामन्यातले. अजित आगरकरने ४१ धावांत सहा बळी घेऊन २००३ साली भारताला विजयाच्या वाटेवर आणलं, तेही इथेच. आपण हे मैदान कायम डिसेंबर-जानेवारीच्या उन्हात पाहिलं. त्या काळी ऑस्ट्रेलियाचा हिवाळा सुरू झाला, की तिथली खेळपट्टी झाकली जात असे असं नाही. त्याच गवतावरून, खेळपट्टीच्या मातीवरूनही, छत्तीस माणसं लांबट चेंडूमागे धावू लागत. ॲडलेडच्या माणसाला ओव्हल म्हटल्यावर आधी काय आठवतं, हे त्याला कोणत्या महिन्यात विचारता त्यावर ठरतं.

आकडे कसे वाचायचे ते आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढच्या पानांवर ते सतत येतील. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, मधले दोन उंच आणि बाजूचे दोन ठेंगणे. मधल्या दोन खांबांतून पायाने मारलेला चेंडू थेट गेला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, किंवा मधल्या खांबाला लागला, की त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात आणि त्याचा एकच गुण. म्हणजे ९.१५ ही दशांश संख्या नव्हे: नऊ गोलांचे चोपन्न गुण, पंधरा बिहाइंडचे पंधरा, एकूण एकोणसत्तर. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. ऑफसाइड नाही, त्यामुळे कोणीही कुठेही असू शकतो. चेंडू हाताने फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो, नाहीतर पायाने. लांबून लाथाडलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला, की झेलणाऱ्याला ‘मार्क’ मिळतो आणि निवांत नेम धरून मारण्याचा हक्कही. हा झेल घेण्यासाठी माणसं प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा रोवून वर चढतात. या खेळावर जीव टाकणाऱ्या पुष्कळांच्या प्रेमाची सुरुवात अशाच एखाद्या झेलापासून झालेली असते.

एवढं कळल्यावर त्या अंतिम सामन्याचे आकडे बोलू लागतात. पोर्ट ॲडलेडला चारही सत्रांत मिळून पाच गोल करता आले. दोन्ही संघ मिळून चौदा गोल आणि सत्तावीस बिहाइंड. म्हणजे दोन्हीकडे नेम धरायला उसंत मिळत नव्हती. अंगावर माणूस घेऊन, घाईत, तिरकस कोनातून चेंडू मारावा लागत होता. साउथने सामना सुंदर खेळून जिंकला असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्यांनी पोर्टला खेळूच दिलं नाही, असं मात्र ठामपणे म्हणता येतं.

आता ‘लीग’बद्दल. आज ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हटलं की देशभर पसरलेली एएफएल डोळ्यांपुढे येते. पण ते नाव १९९० सालचं. त्याआधी मेलबर्नची व्हिक्टोरियन लीग होती, पर्थची आपली वेगळी, ॲडलेडची आपली वेगळी. आणि प्रत्येक शहराला आपला खेळ हाच खरा खेळ वाटत असे. ॲडलेडची संघटना ३० एप्रिल १८७७ रोजी स्थापन झाली. मेलबर्नची पहिली संघटना त्यानंतर काही दिवसांनी. पुढे मेलबर्नचा पैसा आणि दूरचित्रवाणी यांनी बाकी दोघांना झाकून टाकलं, आणि मग इतिहासही मेलबर्नच्या चष्म्यातून लिहिला जाऊ लागला. १९६४ म्हटलं की तिथल्या पुस्तकांत मेलबर्न क्लबने कॉलिंगवूडला चार गुणांनी हरवलं तेच सापडतं, आणि मग त्या क्लबला पुढच्या विजेतेपदासाठी २०२१पर्यंत कशी सत्तावन्न वर्षं वाट पाहावी लागली ते. ती कथा खरी आहे आणि चटका लावणारीही आहे. पण त्याच वर्षी विजेता ठरलेला ॲडलेडचा एक संघ अजून वाट पाहतो आहे, हे सांगायची कुणाला आठवण होत नाही. ‘प्रादेशिक’ असा शिक्का मारला, की त्या खेळातली माणसंही लहान झाल्यासारखी वाटतात. हे मला मान्य नाही, आणि हे लिहिण्यामागचं एक कारण तेच आहे.

साउथ ॲडलेड हा जुन्या क्लबांपैकी एक. १९३५ आणि १९३८ साली विजेता, आणि मग उतरण. लीगमध्ये बाकीच्यांना आपापलं उपनगर होतं: पोर्टला गोदी आणि गोदीतले कामगार, नॉरवूडला आपला परेडवरचा बाजार, ग्लेनेल्गला समुद्रकिनारा. साउथचं घरचं मैदान म्हणजे शहराच्या मधोमध असलेलं ॲडलेड ओव्हल. ते होतं सगळ्यांचं, म्हणून एका अर्थी कुणाचंच नव्हतं. एकगठ्ठा पाठीराख्यांची गल्ली त्यांच्या मागे नव्हती. पन्नाशीच्या दशकात हा संघ अनेकदा तळाला गेला, १९६३ साली पुन्हा गेला.

अशा संघाकडे १९६४च्या हंगामासाठी नील कर्ली आला. बार्मेरा या मरे नदीच्या परिसरातल्या गावचा, वेस्ट ॲडलेडला १९६१चं विजेतेपद मिळवून दिलेला, दांडगा, आक्रमक, अंगावर जाणारा खेळाडू. त्या काळी कॅप्टन-कोच अशी पद्धत होती: जो माणूस आठवडाभर पळवून घेई तोच शनिवारी मैदानात सर्वांत पुढे असे. त्यामुळे त्याला स्वतःला जमत नाही ते दुसऱ्याला सांगता येत नसे. कर्लीचा भर अंगातल्या ताकदीवर आणि दमसासावर होता, आणि त्याच्या हाताखाली सराव करणं म्हणजे काय याच्या आठवणी ॲडलेडमध्ये पुढे कित्येक दशकं सांगितल्या गेल्या. नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी येणारी ही माणसं होती. फुटबॉलवर घर चालत नव्हतं.

तळाचा संघ वर्षभरात विजेता झाला, तेव्हा ‘चमत्कार’ हा शब्द सगळ्यांच्या ओठावर आला. मला तो शब्द टाळावासा वाटतो. चमत्कार म्हटलं, की १९६३च्या संघात जी माणसं आधीपासून होती, हरत होती तरी येत होती, त्यांच्याकडे बघायची गरज उरत नाही. कर्लीचं मोठेपण कमी करण्याचा प्रश्नच नाही. पुढे १९७३ साली ग्लेनेल्गला आणि १९८३ साली पुन्हा वेस्टला त्याने प्रशिक्षक म्हणून विजेतेपद मिळवून दिलं. तीन वेगवेगळ्या क्लबांना शिखरावर नेणारा माणूस नशिबावर जगत नाही. २०२२ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, मोटार अपघातात तो गेला तेव्हा सबंध राज्य हळहळलं. पण तो आला तेव्हा मैदान रिकामं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं.

पोर्टविषयी थोडक्यात. फॉस विल्यम्सने घडवलेला हा संघ म्हणजे त्या काळचा कारखानाच. १९५४ ते १९५९ सलग सहा विजेतेपदं, मग १९६२, १९६३ आणि पुन्हा १९६५. मधली १९६४ची एक जागा साउथने हिसकावली नसती तर दुसरी लांब साखळी तयार झाली असती. त्याच वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं मॅगरी पदक पोर्टच्या जेफ मॉटलीला मिळालं. सहा विजेतेपदांतलं शेवटचं, १९५९चं, त्याच्याच कॅप्टन-कोचपदाखाली आलं होतं. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू हरलेल्या बाजूला होता, हे लक्षात ठेवून तो अंतिम सामना वाचावा. साउथने कुणाला रोखलं ते त्यातून कळतं.

आणि आता डेव्हिड कँटिला. या प्रस्तावनेत सर्वांत जास्त जागा मी त्याला देणार आहे.

डार्विनच्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटरवर बॅथर्स्ट आणि मेलव्हिल ही दोन बेटं आहेत, मध्ये चिंचोळी सामुद्रधुनी. तिथे तिवी लोक राहतात, सगळे मिळून दोन-अडीच हजार. कॅथलिक मिशनमधून हा खेळ बेटांवर पोहोचला आणि तिवींनी तो असा आपलासा केला, की आज जगात दरडोई फुटबॉल कुठे सर्वांत जास्त खेळला जातो असं विचारलं तर पुष्कळजण याच बेटांकडे बोट दाखवतील. तिकडे तो पावसाळ्यात खेळतात, कोसळत्या सरींत, आणि बेटांवर तर अनवाणी. डार्विनमध्ये कामाला आलेल्या तिवी पुरुषांना खेळता यावं म्हणून १९५२ साली सेंट मेरीज हा क्लब निघाला, आणि १९५४-५५ साली तो तिथल्या लीगचा विजेताही झाला. कँटिला या क्लबातून पुढे आला.

१९६१ साली तो रस्त्याने जवळपास तीन हजार किलोमीटर दक्षिणेला, ॲडलेडला, साउथच्या संघात आला. पहिल्याच सामन्यात सहा गोल. त्या वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडू, पुढच्या वर्षी पुन्हा तोच. त्याची जागा रकची. त्या काळी पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू जोरात आपटून उंच उडवत असे आणि दोन्ही संघांचे सर्वांत उंच गडी हवेत झेपावून तो आपल्या माणसाकडे ढकलत. खेळाची सुरुवात त्याच्यापासून, आणि दर गोलनंतरची सुरुवातही त्याच्यापासून. हरणाऱ्या संघात रकचं काम फार कष्टाचं असतं, कारण समोरच्यांनी गोल केला की पुन्हा मध्यावर जाऊन उडी मारायची. कँटिलाने ते तीन हंगाम केलं. ‘मैदान रिकामं नव्हतं’ असं वर म्हटलं ते प्रामुख्याने त्याच्यासाठी.

तो ज्या कायद्याच्या छायेतून आला तो कायदाही सांगितला पाहिजे. नॉर्दर्न टेरिटरीत १९५३ सालचा वेल्फेअर ऑर्डिनन्स लागू होता. त्याखाली बहुसंख्य आदिवासींना ‘वॉर्ड’ ठरवून सरकारच्या पालकत्वाखाली ठेवलेलं होतं. हजारो प्रौढ स्त्रीपुरुषांची नावं त्यासाठी एका नोंदवहीत भरली होती. कुठे राहायचं, कुठे जायचं, कुणाशी लग्न करायचं, मिळालेल्या मजुरीचं काय करायचं, यावर अधिकाऱ्याची सत्ता. चित्रकार अल्बर्ट नामाजिराला या यादीतून वगळलं तर यादीतल्या माणसाला दारू दिल्यावरून त्याच्यावर खटला झाला. केंद्रीय निवडणुकीत सर्व आदिवासींना मत देण्याचा हक्क मिळाला तो १९६२ साली, म्हणजे कँटिला ॲडलेडमध्ये दुसऱ्यांदा क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला त्या वर्षी. वेल्फेअर ऑर्डिनन्स हटवून नवा कायदा आला १९६४ सालीच. ज्या वर्षी हजारो गोरे लोक त्याच्या नावाने ओरडत ओव्हलवर उभे होते, त्याच वर्षी त्याच्या बांधवांना आपल्याच देशात फिरायला परवानगी लागणं बंद झालं. आणि राज्यघटनेत दुरुस्ती करून आदिवासींना जनगणनेत धरण्याचा कौल जनतेने दिला २७ मे १९६७ रोजी. तोवर कँटिलाची साउथमधली कारकीर्द संपून गेली होती: १९६१ ते १९६६, ११३ सामने, राज्याच्या संघातही निवड.

मैदानावरच्या टाळ्यांनी कायदा बदलला असं म्हणण्याचा मोह मी आवरला आहे. कायदा बदलला तो वर्षानुवर्षं लढलेल्या लोकांमुळे, आणि त्यांतले बहुतेक कधी फुटबॉल खेळलेले नव्हते. पण उलट बाजूही खरी आहे. ज्या शहरात आदिवासी माणूस रोजच्या व्यवहारात दिसतच नव्हता, तिथे दर शनिवारी एक तिवी पुरुष सर्वांच्या डोळ्यांसमोर, सर्वांच्या मधोमध, सर्वांत उंच उडत होता. लोक त्याच्यावर विसंबून होते. त्याचा काही परिणाम झालाच नसेल, असं मला वाटत नाही.

कँटिला उत्तरेला परतला आणि १९७८ साली मोटार अपघातात वारला. चाळिशीचा असेल. त्याने रुळवलेल्या वाटेने पुढे मॉरिस रिओली आला. १९८२च्या मेलबर्नमधल्या अंतिम सामन्यात रिचमंड हरलं, तरी सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नॉर्म स्मिथ पदक रिओलीला मिळालं, हरलेल्या संघातल्या खेळाडूला पहिल्यांदाच. मग मायकेल लाँग, १९९३. मग मॉरिसचा पुतण्या सिरिल रिओली, २०१५. तिघांच्याही घराण्यांचं नातं तिवी बेटांशी. एवढ्याशा वस्तीतून एवढे मोठे खेळाडू आले, की विश्वास बसत नाही. पण दक्षिणेत मोठ्या लीगमध्ये जाऊन टिकणारा, जिंकणारा पहिला तिवी माणूस कोण, याचं उत्तर १९६४च्या निळ्या-पांढऱ्या जर्सीत आहे.

हंगामाचं दुसरं टोक उरलं. त्या वर्षी लीग आठ संघांवरून दहावर गेली. नवे दोन संघ म्हणजे वुडव्हिल आणि सेंट्रल डिस्ट्रिक्ट. वुडव्हिल हे पश्चिमेकडचं वसलेलं उपनगर होतं, पण सेंट्रलचं घर मात्र कोरं करकरीत: एलिझाबेथ. ॲडलेडच्या उत्तरेला गव्हाच्या शेतांवर सरकारी हाउसिंग ट्रस्टने उभं केलेलं गाव, १९५५ साली राणीचं नाव देऊन सुरू झालेलं. एकसारखी घरं, होल्डन मोटारींचा कारखाना, आणि ब्रिटनमधून सवलतीच्या तिकिटावर बोटीने आलेली कुटुंबं. या लोकांचा फुटबॉल वेगळा होता, गोल चेंडूचा. लीगने त्यांच्या दारात लांबट चेंडू नेऊन ठेवला. क्लबने लाल, पांढरा, निळा हे रंग घेतले आणि बुलडॉग हे चिन्ह, म्हणजे विलायतेची आठवण छातीवर मिरवली.

पहिल्या हंगामात सेंट्रल डिस्ट्रिक्टला एकही सामना जिंकता आला नाही. आठवड्यामागून आठवडा ते हरले. मला या हंगामाची ओढ लागली ती खरं तर इथून. वर्तमानपत्रांची जागा साउथने खाल्ली आणि ते साहजिकच होतं. पण ज्या उपनगरात झाडंही अजून खांद्याएवढी झाली नव्हती तिथे लोक दर पंधरवड्याला येऊन आपल्या संघाचा पराभव बघत होते, आणि पुढच्या वेळी परत येत होते. खेळाशी नातं जुळण्याचा हा काळ कोणत्याही गुणतक्त्यात नोंदला जात नाही. या क्लबला पहिलं विजेतेपद मिळायला २००० साल उजाडलं, छत्तीस वर्षांनी. समोर अंतिम सामन्यात होते ईगल्स, म्हणजे वेस्ट टॉरेन्स क्लबशी एकत्र झालेलं वुडव्हिलच. १९६४चे दोन्ही नवखे एकमेकांपुढे उभे. तिथून २०१०पर्यंत सेंट्रलने नऊ विजेतेपदं जिंकली. होल्डनचा कारखाना २०१७ साली बंद झाला, तरी क्लब आहे.

साउथचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. कर्लीच्या उरलेल्या दोन हंगामांत पुन्हा विजेतेपद आलं नाही आणि तो ग्लेनेल्गला गेला. १९७९ साली साउथ अंतिम सामन्यात पोहोचलं आणि पोर्टनेच त्यांना हरवलं. दरम्यान लीग आणि क्रिकेट संघटना यांचं बिनसलं होतं. १९७४ साली लीग आपले अंतिम सामने ओव्हलवरून स्वतःच्या स्टेडियमवर घेऊन गेली, आणि ते परत यायला २०१४ साल लागलं. साउथने १९९५पासून दक्षिणेकडच्या नोआर्लुंगात घर केलं. शहराच्या मध्यात बेघर असलेल्या या क्लबला अखेर स्वतःचं उपनगर मिळालं.

पुढील प्रकरणांचा क्रम वाचकाला उलटा वाटेल. फेऱ्यांच्या क्रमाने अंतिम सामन्याकडे चढत जाणारी मांडणी मी घेतलेली नाही. पहिली तीन प्रकरणं सेंट्रल डिस्ट्रिक्टची आणि एलिझाबेथची आहेत, मग वुडव्हिल, मग मधले संघ. बॅथर्स्ट बेटापासून ओव्हलपर्यंतचा कँटिलाचा प्रवास त्यानंतर येतो, आणि कर्ली त्याच्याही नंतर. पोर्ट आणि साउथचा सामना शेवटी आहे. ज्यांना तोच आधी वाचायचा असेल त्यांनी खुशाल वाचावा. पण मग एकदा मागे येऊन एलिझाबेथच्या मैदानापासून सुरुवात करावी, एवढी विनंती.